हेन्ट्झचे बिनखुणेचे ओंडके

श्वित्झच्या खोऱ्यात लाकूडतोड्या हेन्ट्झइतका धिप्पाड आणि भित्रा गडी दुसरा नव्हता. अस्वलावर तो खेकसायचा. पण पंचांपुढं जायचं म्हटलं की रानात पळायचा.

त्या साली त्यानं मोरगार्टेनच्या उतारावर घरासाठी ओंडके रचले होते, प्रत्येकावर आपली कोंबडीच्या पायाची खूण कोरून. बर्फाआधी छप्पर चढलं तरच गेपाशी लग्न. तिचा बाप, म्हातारा बुर्कार्ट, तसं भर सभेत बोलून बसला होता.

छपराआधी खोरी जिंकायला परक्या ड्यूकची फौजच चढून आली. उताराखालच्या तळ्याकाठी चिंचोळ्या वाटेत घोडेस्वार अडकले, आणि वर दबा धरलेल्या खोऱ्यातल्या गड्यांनी धोंडे लोटले. धोंडे सरले तसा हेन्ट्झला चेव आला. स्वतःच्या ओंडक्यांना अडवणारा पहिला खुंटा त्यानंच उपटला. घडघडत सगळं खाली, मग कुऱ्हाडी घेऊन माणसं. फौजेचा पार चिखल झाला.

संध्याकाळी चेव उतरला, अन् गावचा कायदा आठवला: ज्याची खूण त्याचा ओंडका, आणि ओंडक्यानं केलेलं नुकसानही त्याचंच. ओंडका घरंगळून शेजाऱ्याची एक बकरी मेली, तर गावातल्या योर्गला दुभती गाय द्यावी लागली होती. इथं तर ड्यूकचे घोडे! पहाटेच तळ्याकाठच्या दलदलीत उतरून हेन्ट्झनं एकूण एक खूण तासून काढली.

पुढं श्वित्झ, उरी, उंटरवाल्डन अशा तिन्ही खोऱ्यांचे लोक कुरणात जमले. हात वर करून शपथ झाली, एकाचं नुकसान ते सगळ्यांचं. प्रमुख म्हणाला, "ज्याचे ओंडके कामी आले त्यानं खूण दाखवावी. नवे देऊ."

"माझे हायत," हेन्ट्झ पुटपुटला.

"खूण?"

"तासली."

"का रं बाबा?"

"घोड्यांची भरपाई मागितली तर?"

कुरण हसून लोळलं. उरीचा एक दाढीवाला म्हणाला, "आरं, मागायला ड्यूक थांबलाय कुठं?"

बुर्कार्ट उठला. "ओंडके ह्याचेच. एवढं भित्रं डोकं तिन्ही खोऱ्यांत दुसरं नाही, हीच खूण धरा."

"भित्रा म्हणं!" गेपा कडाडली. "पहिला खुंटा कुणी उपटला, बाबा? तुम्ही तवा झाडामागं होता."

म्हातारा खाली बसला.

लाकूड आलं. देणाऱ्यांनी प्रत्येक ओंडक्यावर मुद्दाम आपापली खूण ठेवली: उरीची शिंगं, उंटरवाल्डनची किल्ली. म्हणजे नुकसान झालंच तर हेन्ट्झ एकटा नको. छप्पर चढलं त्याच दिवशी बर्फ पडला. आढ्यावर कोंबडीच्या पायापुरती जागा राखलेली. गेपानं सुरी पुढं केली.

हेन्ट्झनं आधी आढ्याकडं पाहिलं, मग बरोबर त्याच्याखाली उभ्या बुर्कार्टकडं.

"मामा, खूण कोरायच्या आधी तुम्ही जरा भाईर उभं राहता का?"