धबधब्याच्या अलीकडच्या काकी

शेजारच्या काकींना धबधब्याचं भारी वेड, पण तो त्यांनी कधी पाहिलेलाच नव्हता. एकोणीसशे नव्वदच्या सुमारास मी लग्न होऊन शहापुरात आले. तेव्हापासून दर श्रावणात आळीतल्या आम्हा बायकांना माहुली गडाच्या पायथ्याच्या रानात न्यायच्या त्याच, आणि धबधब्याच्या अलीकडेच थांबायच्या त्याही त्याच.

कारण एकच, रानभाजी. रानात पाऊल पडलं की काकींची मान जी खाली जाई ती वर येतच नसे. "तुमी व्हा गो पुढं, आलेच मी," म्हणायच्या. आम्ही चिंब भिजून परतायचो तेव्हा बाई कुरडूच्या जुड्या बांधत बसलेल्या. मी एकदा भारंगी मुळासकट उपटली, तर हातावर चापट बसली. "खुडावी गो, उपटू नये. पुढल्या साली काय दगडं शिजवशील?"

वाटेच्या कडेच्या वेलीवरची करटुली मात्र त्या कुणाला तोडू देत नसत. "ती पाड्यावरच्या बायांची. त्यांचा बाजार हाय त्यावर." त्या बाया भेटल्या की तिथंच फतकल मारून गप्पा सुरू! "काकी, धबधबा आटेल, पण तुमच्या गप्पा नाही," असं मी चिडवलं, तर सगळ्यांत मोठ्यानं त्याच हसल्या.

मग काकींचे गुडघे कुरकुरायला लागले. मुलानं वाशिंदला घर घेतलं आणि त्यांनी तिकडं जायचं ठरलं. जायच्या दोन दिवस आधी त्या माझ्या दारात उभ्या. "गो, मला तो धबधबा बघायचाच. आता नाय तर कधीच नाय."

आम्ही दोघीच निघालो. दोन्ही बाजूंना भाजी नुसती माजली होती, पण काकींनी ढुंकूनही पाहिलं नाही. शेवटच्या चढाला मात्र गुडघ्यांनी दगा दिला. त्या मटकन खाली बसल्या, डोळे भरून आले. माझ्या एकटीच्यानं त्यांना उठवेना. तेवढ्यात पाड्यावरच्या दोघी बाया आल्या. त्यांनी डोक्यावरच्या पाट्या उतरवल्या आणि काकींना दोन्हीकडून धरलं. "चल काकी, आज तुला सोडीत नाय."

पाणी दिसलं तसे काकींनी त्या दोघींचे हात सोडवले. मग पदर खोचून सरळ धारेखाली उभ्या राहिल्या, त्या दोघींनाही आत ओढलं. "अगो, एवढा मोठा! आणि मला कोणी सांगितलं कसं नाय?"

आम्ही दरसाल तेच सांगत होतो. एरवी मी त्यावरून चिडवलं असतं, पण परवा काकी गेल्या की आळी ओकीबोकी होणार, हे मनात टोचत होतं.  मीही साडीनिशी पाण्यात शिरले आणि त्यांचा हात घट्ट धरून उभी राहिले.