कुनाचा परस?

ज्या वस्तूला तळ आहे, तिच्यावर आमच्या आतोबांनी उभ्या जन्मात विश्वास ठेवला नाही. श्रीगोंद्याच्या हॉटेलात चहा आला की आधी कपात चमचा उभा करून बघत, कारण कपाचं बूड मुद्दाम जाड करतात अशी त्यांची पक्की खात्री. गोडेतेलाच्या डब्यात काडी, ज्वारीच्या पोत्यात कोपरापर्यंत हात. आत्या म्हणायची, लग्नाआधी मलाही यांनी कुठंतरी ठोकून पाहिलंच असणार. सगळं मूळ विहिरीत होतं. आमच्याकडे विहिरीची खोली परसात मोजत. परस म्हणजे हात वर करून उभा राहिलेला माणूस. कुणा खोदणाऱ्यानं म्हणे बुटका गडी उभा करून आठ परसांचे दहा करून दाखवले. तेव्हापासून खोलीचा विषय निघाला की आतोबा डोळे बारीक करून एकच विचारत, "कुनाचा परस?"

मी तेव्हा आतोबांच्याच गावात मास्तर होतो, आणि माझी दुर्बुद्धी अशी की एकदा त्यांच्या ओट्यावर भूगोलाचं पुस्तक उघडून बसलो. समुद्र एका ठिकाणी सात मैल खोल आहे म्हटल्यावर दोरी कुणी सोडली, ती कशाची होती, मधेच माशानं ओढली नसेल कशावरून, अशी उलटतपासणी सुरू झाली. पृथ्वीच्या पोटात आग आहे हे तर त्यांनी तिथल्या तिथे निकालात काढलं. मग आपल्या विहिरीला अंघोळीचं कढत पाणी का लागत नाही? मी पुस्तक मिटलं, आणि मास्तरनं पुस्तक मिटलं हे त्यांनी पुढे वर्षभर गावाला सांगितलं.

पण बहात्तरच्या दुष्काळात हा संशय त्यांच्या लेकीच्या, सुशीच्या, संसाराच्या मुळावर उठला. तिचा नवरा चांद्याकडे कोळशाच्या खाणीत लागला होता, आणि तिला न्यायला दोनदा येऊन हात हलवत परत गेला होता. माणूस इतक्या खाली उतरून रोज वर येतोच कसा, हा तिकडे कपबश्या विसळत असणार, असं आतोबांचं म्हणणं. तिसऱ्यांदा जावई आला तेव्हा आत्या मला बाजूला घेऊन रडली. आता नाही धाडली तर हा पुन्हा यायचा नाही. सुशी सकाळपासून ट्रंक भरून दारात बसली होती.

"किती खोल म्हनता, पाव्हनं?"

"पन्नास परस तरी हाय, मामा."

"कुनाचा परस?"

बिचारा म्हणाला, माझाच धरा. झालं! इस्त्रीच्या कपड्यातल्या जावयाला अंगणात हात वर करून आडवा निजवला, आणि मोटेच्या नाड्याला त्याच्या मापाची गाठ मारली. आत्यानं कपाळाला हात लावला. दारापासून एकेक परस टाकत दोघे निघाले, तो पन्नासावा थेट एस.टी.च्या थांब्यापाशी भरला. जावयाला तिथेच उभा करून आतोबा दारात परत आले आणि त्याच्याकडे वळले.

मग त्यांनी हाक मारली. जावयानं ओ दिली. विहीर खोदताना काठावर एक माणूस सतत उभा असे. त्यानं हाक मारायची, आणि खालून ओ आली नाही की धावाधाव करायची. गावातल्या निम्म्या विहिरींवर ते काम आतोबांनीच केलं होतं. जावई जवळ आल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "वरनं हाक मारली तर खाली ऐकू येती का?"

"न्हाई मामा. घंटी असती."

"आन् वर आपलं कोन असतं?"

"कुनी न्हाई."

आतोबा नाडा गुंडाळायला लागले. मला एकदम त्यांची फार माया आली.

"सुशे, ऊठ," ते म्हणाले. "मानूस खाली उतरला की वर आपलं कुनीतरी लागतं."

सुशी त्याच दिवशी गेली. त्यानंतर रोज संध्याकाळी आतोबा थांब्यापर्यंत जाऊन, जावई उभा होता त्याच पन्नासाव्या परसावर, घराकडे तोंड करून उभे राहत. आत्या दारातून हाक मारी, ते ओ देत, मगच ती आत जाई. आत्या वारल्यावर ते काम माझ्याकडे आलं. मी हाक मारली की ते आधी कोण आहे म्हणून विचारत, आणि खात्री पटल्यावरच ओ देत.