चाळीस पोती आणि एक हिरवी मिरची

त्या आठवड्यात फणसवाडीत एकच कुजबुज होती : कालिंदीबाई तडीपार होणार.

तडीपार! ज्या बाईने उभी नोकरी विमा कचेरीत काढली आणि कचेरीतली टाचणीसुद्धा कधी घरी आणली नाही, तिला म्हणे शहराबाहेर काढणार. बातमी फोडली हेमचंद्रांनी. हेमचंद्र म्हणजे शेजारच्या खोलीतले. विधुर, निवृत्त, आणि मधली भिंत लाकडी फळ्यांची असल्यामुळे सर्वज्ञ. त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. बाई फोनवर म्हणत होत्या, "रविवारी निकाल आहे. हद्दपार केलं तर केलं. शत्रूला धान्य दिलं ते दिलं, मी नाही म्हणणार नाही."

शत्रूला धान्य! जिन्यात ही बातमी सांगताना हेमचंद्रांनी तिला जराशी फोडणी दिली, माणूस आहे, देणारच. दुसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत तिचं रेशनच्या गोदामातलं प्रकरण झालं आणि गच्चीपर्यंत थेट सीमेपलीकडचं. पहिल्या मजल्यावरच्या एक बाई शिरा घेऊन सांत्वनाला आल्या आणि जाता जाता हळूच विचारून गेल्या, "खोली कुणाच्या नावावर करणार हो?" चाळ पुनर्विकासाला जायची होती ना! अशा वेळी माणूस जाण्याचं दुःख वेगळं आणि खोली मोकळी होण्याचं कुतूहल वेगळं.

कालिंदीबाई तरी सांगणार काय? खरं सांगितलं असतं तर तडीपारीपेक्षा मोठा तमाशा झाला असता.

झालं होतं असं. निवृत्तीनंतर बाईंना संध्याकाळ खायला उठायची. तेव्हा दादरच्या मनवाने, त्यांच्या भाचीने, जुना लॅपटॉप आणून दिला आणि मावशीला एका खेळात ओढलं. खेळ कसा, तर शेतं, जहाजं आणि बाजार खेळ देणार. राणी कोण, शत्रू कोण, कायदे कुठले हे खेळणाऱ्यांनी आपसांत ठरवायचं आणि आपापल्या सोंगाला शोभेल असं बोलायचं. मनवा सम्राज्ञी. परळची संघमित्रा, वकिलीची परीक्षा नुकतीच दिलेली, ती न्यायाधीश. साम्राज्याचे कायदे तिनेच लिहिलेले, आणि असे बारकाईने की खऱ्या राज्यांनी उसने न्यावेत. आणि कालिंदीबाई कोठीप्रमुख, कारण मनवाच्या मते मावशीइतके नीट लावलेले डबे अख्ख्या गिरगावात नव्हते.

रोज सातच्या ठोक्याला पंधरा-वीस पोरं पडद्यावर म्हणायची, "प्रणाम, कोठीप्रमुख!" विमा कचेरीत इतक्या वर्षांत कुणी साधं गुड मॉर्निंगही धड म्हटलं नव्हतं. बाई सातच्या आत केस विंचरून बसू लागल्या. पडद्यावर तोंड दिसत नाही हे ठाऊक असूनही.

आणि मग घडला गुन्हा.

शीवचा अभय हा खेळातला बंडखोर सरदार, म्हणजे साम्राज्याचा शत्रू. त्याच्या गढीला वेढा पडला, आतलं धान्य संपलं. त्या खेळात उपाशी माणसं एकेक करून पडद्यावरून पुसली जातात. एक म्हातारी पुसली गेलेली बाईंनी पाहिली आणि त्यांनी कोठार उघडलं.

पण खेळात फुकट देण्याची सोयच नाही. देवाणघेवाणीच्या चौकटीत दोन्ही बाजूंनी काहीतरी ठेवल्याशिवाय बटण दबत नाही.

अभयने फोन केला. "काकू, माझ्याकडे काहीच नाहीये हो."

"असं कसं? रिकामी वाटी परत देतात का कधी? बघ, काहीतरी असेल."

त्याने शोधशोध शोधलं. परसात एक हिरवी मिरची निघाली. इकडे चाळीस पोती, तिकडे एक मिरची. बटण दबलं.

आता त्या बाजाराची अक्कल एवढीच, की शेवटचा सौदा झाला तोच भाव. घटकाभरात अख्ख्या साम्राज्यात धान्य मिरचीला चाळीस पोती झालं! व्यापाऱ्यांनी छाती बडवून घेतली. सैनिक पगार मिरच्यांत मागू लागले. परसात मिरच्यांशिवाय काही न लावणारा एक आळशी खेळाडू बसल्या जागी नगरशेठ झाला. संघमित्राच्या कायद्यात राजभावाखेरीज विक्री नाही असं स्वच्छ लिहिलेलं होतं, पण खेळाला कायदा वाचता येतो थोडाच! आणि त्याच्याच खालचं कलम : शत्रूशी व्यापार करील तो हद्दपार. म्हणजे कोठीप्रमुख कायमची पुसली जाणार. संध्याकाळचे सात वाजणार आणि कुणी प्रणाम म्हणणार नाही.

मनवाने फोनवर गयावया केली. "मावशी, प्लीज, एक ओळ लिही ना. चूक झाली म्हण, मी मिटवते."

"कसली चूक? उपाशी माणसाला दाणे दिले ती?"

"अगं, ती माणसं खरी नाहीयेत!"

"मग माझा गुन्हा तरी खरा कुठून आला गं?"

बाईंनी फोन ठेवला तो ऐटीत, पण निकालापर्यंत खेळ बंद होता आणि त्या संध्याकाळी त्यांनी चुकून दोनदा वरणाला फोडणी दिली.

रविवारी त्या दादरला निघाल्या, तर जिन्याच्या पायथ्याशी हेमचंद्र. कडक इस्त्रीचा शर्ट, खिशात आधार कार्ड.

"एकट्या जाऊ नका कालिंदीबाई. जामीन लागला तर?"

"अहो हेमचंद्रराव, तो खेळ आहे, खेळ!"

"बरोबर. असंच म्हणायचं," त्यांनी आवाज खाली आणला. "मला विचारलं तर मीही हेच सांगीन."

टॅक्सीत त्यांनी बाईंना तीन वेळा बजावलं की सही करण्याआधी वाचा.

मनवाच्या दिवाणखान्यात पोचल्यावर मात्र हेमचंद्रांचा आ वासला. सम्राज्ञीच्या डोक्यावर सोनेरी कागदाचा मुकुट, न्यायाधीश काळी ओढणी घेऊन ताठ बसलेली, शत्रू बटाटेवडा खातोय आणि टीव्हीच्या पडद्यावर घरोघरचे व्यापारी एकाच वेळी ओरडताहेत.

"शांतता!" संघमित्रा म्हणाली. एरवी ती बाईंना मावशी म्हणायची, आज नाही. "आरोपी, आपण शत्रूशी व्यापार केलात?"

"नाही."

"मिरची घेतलीत ना?"

"घेतली."

"मग सौदा झाला."

"सौदा कसला? वाटी परत आली."

"ऑब्जेक्शन!" पडद्यावरून एक व्यापारी किंचाळला. "सिस्टीममध्ये सेल दाखवतोय! आमची वाट लागली ना यार!"

तेवढ्यात हेमचंद्र उठले. समोर काय चाललंय ते त्यांना अर्धंच कळलं होतं, पण वाटीचं पुरतं कळलं होतं. "मॅडम, मी साक्षीदार. आमच्याकडून यांना आमटी जाते. वाटी परत येते तेव्हा तिच्यात कधी लिंबाची फोड, कधी कढीपत्त्याची काडी. रिकामी एकदाही नाही. आता यांनी माझी आमटी लिंबाच्या फोडीला विकत घेतली म्हणायची का? आमटीची किंमत काय एक फोड असते?"

"त्या आमटीची तेवढीही नसते," आरोपी म्हणाली.

सम्राज्ञीचा मुकुट हसता हसता खाली पडला. संघमित्रा मात्र हसली नाही. ती पेन चावत राहिली, आणि कालिंदीबाईंनी पदर मुठीत धरला.

"आमच्या चाळीत," संघमित्रा हळूच म्हणाली, "माझी आजी, राधाबाई. समोरच्या घराशी तिचं जोरदार भांडण होतं, पण सणाला वाटी जायची आणि भरून यायची. आजी म्हणायची, अबोला माणसांचा, वाटीचा नाही." मग ती ताठ झाली. "निकाल ऐका. जिथे मोबदला आधी ठरतो, तो व्यापार. जिथे तो घेणाऱ्याच्या ऐपतीवर सोडलेला असतो, तो व्यापार नाही. आरोपीवर गुन्हा शाबीत होत नाही."

"अगं, पण सिस्टीमला हे कोण समजावणार?" व्यापारी रडकुंडीला आला.

"वेशीबाहेरच्या तळावर दिलं-घेतलं तर बाजार ते धरतच नाही," शत्रूने तोंडातला घास गिळत सांगितलं. "काकूंनी घाईत भर बाजारात दिलं."

"हे आधी सांगायला काय झालं होतं रे तुला?" सम्राज्ञी कडाडली.

"मला कोणी विचारलं? मी शत्रू आहे!"

मग संघमित्राने तिथल्या तिथे नवं कलम लिहिलं : अन्न शत्रूलाही देता येईल, मात्र वेशीबाहेर, आणि वाटी रिकामी परत जाणार नाही. मनवाने सगळ्यात मोठ्याने ओरडणाऱ्या व्यापाऱ्याकडून एक पोतं जुन्या राजभावाने घेतलं. शेवटचा सौदा तोच भाव! बाजार झटक्यात ताळ्यावर आला. मिरचीवाले नगरशेठ पुन्हा होते तसे आळशी झाले, आणि त्या दुःखात त्यांनी निषेधाचा खलिता धाडला.

पडद्यावरून एकदम गलका उठला, "प्रणाम, कोठीप्रमुख!" बाईंनी न्यायाधीशांच्या बशीत आणखी एक वडा वाढला.

"हे लाच म्हणून धरू का, मावशी?" संघमित्राने विचारलं.

"धर की! बशी परत देताना काय देतेस ते बघू."

संध्याकाळी चाळीत हेमचंद्रांनी जाहीर केलं, "निर्दोष सुटल्या. मी साक्ष दिली." जास्त विचारणाऱ्याला ते म्हणाले, "मॅडमनी मनाई केली आहे." त्यामुळे तळमजल्यावर आता प्रकरण दिल्लीपर्यंत गेलं होतं असं बोललं जातं, आणि पहिल्या मजल्यावरच्या बाई शिऱ्याचं पातेलं परत कधी मिळेल याची चौकशी करून गेल्या.

खरं एवढंच आहे. कालिंदीबाई संगणकावरच्या एका खेळात कोठार सांभाळतात. तिथून त्यांना काढणार होते. काढलं नाही.