खुब्याचं हाड आणि अमावास्या

हाताला प्लास्टर घालून मी क्रांती चौकाजवळच्या एका दवाखान्यात पडले होते. शेजारच्या खाटेवर लासूर स्टेशनची ब्याऐंशी वर्षांची म्हातारी आली, खुब्याचं हाड मोडून. बोलण्याआधी ती दरवेळी डोक्यावरचा पदर सारखा करायची, जणू भरसभेत भाषणच करायचंय.

डॉक्टरांनी तिच्या लेकाला धोके सांगितले. वय, शुगर, कमजोर हृदय, अंगात रक्त कमी. "पण पडून राहण्याचा धोका याहून मोठा. ऑपरेशन उद्याच करू."

लेक चाचरत म्हणाला, "उद्या अमावास्या हाय, साहेब. चार दिवस थांबू."

म्हातारीनं पदर सारखा केला. "माझा जन्मच अमावास्येचा. माझी माय थांबली व्हती का? आण तो कागद." आणि संमतीपत्रावर तिनं असा अंगठा दाबला, की खालचं टेबल हाललं.

धोके सगळे खरे होते. ती फक्त त्यांच्यापेक्षा घाईत होती.

ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी ती वॉकर धरून उभी राहिली. लेक दोन्ही हात पसरून समोर.

"सरक की रं. वाट अडवून काय उभा राहिला?"

तो सरकला. नर्सनं दारापर्यंतच चालायला सांगितलं होतं. म्हातारी दारातून बाहेर पडली, आणि लांब व्हरांड्यात नर्स तिच्यामागं धावत सुटली.