बाजेखालची शेगडी

शिवकांतानं दार उघडलं अन् धुराचा लोट तोंडावर आला. झालं! परवाच घसा फोडून सांगून गेली होती. मुखेड तालुक्यातल्या या गावात आशाताई म्हणून तिला बारा वर्षं झाली, आणि बारा वर्षं ती हेच सांगते: बाळंतिणीला शेकायचं तर शेका, पण कोंडलेल्या खोलीत धूर करू नका, तान्ह्या लेकराचा जीव तो केवढा! बाया मान हलवतात, चहा पाजतात, आणि हिची पाठ वळली की खिडकीच्या फटीत चिंध्या कोंबतात. वारं लागतं म्हणे.

सुकन्याचं लेकरू तर अवघं चौदा दिवसांचं. बाजेखाली गोवऱ्यांची शेगडी, तिच्यावर ओव्याची न् वावडिंगाची धुरी, आणि वर लेकरू घुरघुरतंय. शिवकांतानं चिंधी ओढून फेकली, लेकराला उजेडात आणलं, अंगडं वर करून मिनिटभर श्वास मोजले. बावन्न. साठाच्या आत, म्हणजे अजून हाताबाहेर गेलं नव्हतं, पण नाक चोंदलेलं, डोळे लाल. सुकन्या नुसती सासूकडं बघत होती. तिच्यावर चिडून काय उपयोग, त्या घरात तिचं चालतं कुठं?

सासू महादेवी ढिम्म. गावातली निम्मी लेकरं तिच्या हातची न्हालेली, शेकलेली. चिंधी उचलून ती पुन्हा खिडकीकडं निघाली.

"तुझ्या वर्षाराणीला बी मीच शेकलं की सव्वा महिना," ती म्हणाली. "काय झालं तिला?"

शिवकांताच्या तळपायाची आग मस्तकात गेली. राग महादेवीचा होता, त्याहून जास्त स्वतःचा. तेव्हा खोलीचं दार तिनं स्वतःच लावून घेतलं होतं. पोरगी आता एकोणीस वर्षांची, स्थळं बघणं चालू. आजार कुणाला कळू नये म्हणून तिची औषधं मुखेडला न घेता थेट नांदेडहून आणायची. आणि महादेवीच्या तोंडात तीळ भिजत नाही.

लेकरू खोकलं. एवढ्याशा छातीतून त्याला धड खोकतासुद्धा येईना.

"दमा हाय तिला, मावशी," शिवकांता म्हणाली. "सकाळ-संध्याकाळ पंप वढती. डॉक्टरनं पहिलं हेच इचारलं, लहानपणी धुरात व्हती का."

महादेवीनं हातातली चिंधी खाली टाकली. मग वाकली, पदरानं शेगडी धरली अन् ओढत अंगणात नेली.

शिवकांतानं लेकरू सुकन्याच्या मांडीवर दिलं आणि भिंतीला टेकून बसली. बाहेर शेजारीण विचारत होती, शेगडी का काढली म्हणून. आणि महादेवी तिला वर्षाराणीच्या दम्याचं सांगत होती.