हिरव्या गाडीबरोबर आलेला माणूस

माझ्या बायकोला हे माहीत नाही. आई गेली, तिलाही कधी कळलं नाही. आणि मामा—त्याला किती कळलं होतं, हे मी आजवर स्वतःलाही नीट विचारलेलं नाही. म्हणजे ऐकणारे तुम्हीच पहिले. तुम्हीच का? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. एक मात्र आधीच सांगून ठेवतो—मी रडणार नाही. रडकी माणसं ऐकायची हौस असेल तर दुसरं दार बघा.

मी रावेतचा. आता रावेत म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे उंच इमारती येतात. मी सांगतोय ते चोपन्न-पंचावन्नच्या सुमाराचं रावेत. पवनेच्या काठची शेतं, दोन-चार आळ्या, आणि पावसाळ्यात चिंचवडपर्यंत गुडघाभर चिखल. गावातला पहिला पदवीधर मी. बी.ए., इंग्रजी घेऊन. गावानं मला नावानं हाक मारणं सोडलं आणि 'बीये' म्हणायला सुरुवात केली—थोडं कौतुकानं, बरंचसं खवचटपणानं. "काय बीये, म्हशीला विंग्रजी कळतं का न्हाई?" म्हशीला कळत नव्हतं. मला कळत होतं, आणि त्याचा मला गर्व होता. अजून आहे. का नसावा? माझ्या बापाला सही येत नव्हती.

पिंपरीला औषधांचा नवा कारखाना झाला, तिथल्या कचेरीत मला नोकरी लागली. रोज सायकल दामटत जायचो. फाटकातून साहेबलोकांच्या गाड्या आत वळायच्या आणि माझ्या पांढऱ्या पाटलोणीवर चिखलाची नक्षी काढून जायच्या. हे कारण म्हणून सांगत नाही हं. चिखल सगळ्यांच्याच अंगावर उडत होता, बाकीच्यांनी तो झटकला. मला गाडी हवी होती. भूक लागते तशी हवी होती. त्यात चूक काय?

गाडी होती मामाकडे.

गणूमामा, आईचा धाकटा भाऊ. पोरवयात एका लॉरीवर क्लीनर म्हणून गोव्यात गेला, तो तिकडचाच झाला. तेव्हा गोवा म्हणजे परमुलूख, पोर्तुगिजांचं राज्य. म्हापशाला एका डॉक्टरची गाडी त्यानं कैक वर्षं चालवली. डॉक्टर कायमचा पोर्तुगालला निघाला तेव्हा गाडी मामाला देऊन गेला. हिरवी, चार दारांची, आत लाल कातड्याच्या गाद्या. मी सुट्टीत मामाकडे गेलो तेव्हा ती पाहिली. दार लावताना ती असा आवाज करायची—जाड पुस्तक मिटल्यासारखा. तिथंच माझं ठरलं.

तिथंच मी शेवंतालाही पाहिलं. मोटारस्टँडजवळ तिची खाणावळ होती. विधवा बाई, मामाहून थोडी थोराड, बोलायला फटकळ. मामा तिच्याकडेच राहत होता. लग्न नव्हतं, पण रविवारी तो तिला गाडीत शेजारी बसवून देवळाला न्यायचा आणि सगळं म्हापसं ते बघायचं. मला म्हणाला, "आक्काला सांगू नगंस. येळ आली की म्याच सांगीन." मी मान डोलावली. तिच्या हातची आमटी ओरपत मान डोलावली.

आता गाडी इकडे आणायची कशी? परदेशातली गाडी अशी उचलून आणता येत नव्हती. मी कचेरीत चौकशी केली. कायदा असा निघाला, की आपला माणूस परमुलखातलं बिऱ्हाड मोडून कायमचा घरी येत असेल, तर स्वतःच्या वापरातली गाडी जकात भरून आणू शकतो. त्यानं ती विकायची नाही. आणि त्यानं परत जायचं नाही. समजलं का तुम्हाला? नुसती गाडी येऊ शकत नव्हती. गाडीला एक माणूस जोडून आणावा लागत होता.

मी म्हापशाला गेलो आणि आई अंथरुणाला खिळली आहे असं सांगितलं. मामानं त्याच संध्याकाळी पेटी भरली. बस कशाला, आपली गाडी आहे की, असं मीच सुचवलं. गाडीत बसताना शेवंतानं मला विचारलं, किती दिवस? मी म्हणालो, महिना. फार तर दिवाळीपर्यंत. ती म्हणाली, तू शिकलेला, तुझ्या शब्दावर सोडते.

गोव्याच्या सीमेवर बांद्याला जकातीचा नाका होता. तिथला साहेब मद्रासकडचा, इंग्रजीत बोलणारा. मामाला इंग्रजी शून्य. साहेबानं मला विचारलं, हे गृहस्थ कायमचे परत येताहेत ना? पुन्हा तिकडे राहायला जाणार नाहीत ना?

मी मामाकडे वळलो. म्हणालो, "साहेब विचारतायत, गाडी तुझीच ना? कुणाची उसनी तर नाही?"

मामा ताठ झाला. छातीवर हात मारून म्हणाला, "माजी! माजीच हाय! कुनाच्या बापाची न्हाई!"

मी साहेबाकडे वळलो आणि इंग्रजीत सांगितलं—होय साहेब, कायमचे. आता मरेपर्यंत रावेतलाच.

साहेब हसला. इतक्या आवेशानं घरी परतणारा माणूस त्यानं पाहिला नसावा. मामापण हसला. मी दोघांच्या मधे उभा राहून हसलो. माझ्या बी.ए.चा पहिला खणखणीत उपयोग तो.

घरी पोचलो तर आई डोक्यावर कडब्याचा भारा घेऊन वाटेतच भेटली. मामानं ब्रेक दाबला. "आक्के! तू तर निम्मी मेली हुतीस न्हवं?"

"कोण मेलं? तुजा भाचा मेला. त्याला गाडीत बसायची घाई झाली आसंल."

बघा, आईनं पहिल्याच वाक्यात ओळखलं होतं. मामा पोट धरून हसला, म्हणाला, फसीवलं बीयेनं. आणि मला माफ करून टाकलं. एवढ्यावर ही गोष्ट संपली असती तर मी ती लग्नाच्या पंगतीत चवीनं सांगितली असती.

गाडीनं गावाला काय काय दिलं ते सांगू? माझी बहीण अडली तेव्हा तिला त्याच गाडीतून पुण्याला नेली, ती आणि पोर दोघं वाचली. ताथवड्याच्या एका म्हाताऱ्याला सर्प चावला, त्यालाही नेला. गाडी आणली याचा मला पस्तावा नाही. कुणी कितीही विचारा, नाही. पण पोर वाचलं ते एका पारड्यात आणि मामा दुसऱ्या पारड्यात, असला तराजू मी धरत नाही. तुम्हीही धरू नका.

मामा मला रोज कारखान्यात सोडायचा. पहिल्या दिवशी फाटकावरच्या रखवालदारानं गाडी बघून सलाम ठोकला. आत मी दिसल्यावर जरा ओशाळला, आणि मामाकडे बोट करून म्हणाला, "ड्रायव्हर नवा का, साहेब?" साहेब! मला साहेब म्हणाला हो तो. मी म्हणालो, "हो. गोव्याकडचा आहे."

मामानं ऐकलं. संध्याकाळी न्यायला आला तेव्हा खाली उतरून त्यानं माझ्यासाठी मागचं दार उघडलं. थट्टेनं की कसं—मी विचारलं नाही. मी मागे बसलो. आणि त्यानंतर मागेच बसत राहिलो.

तुम्हाला वाटेल, हीच ती कबुली. नाही. ही नव्हे.

दिवाळी झाली. मामा म्हणाला, "बीये, आता म्या जातो." मी म्हणालो, तू गेलास की गाडी जप्त. मामा म्हणाला, मग जप्त होऊ दे. मी म्हणालो, नाक्यावर तुझ्या वतीनं मी बोललो आहे, मला आत टाकतील. खरं-खोटं मी कुठे तपासलं होतं? तो फडकं घेऊन गाडी पुसायला गेला. थोड्या दिवसांनी पुन्हा म्हणाला, "गाडी तू ठेव. म्या यष्टीनं जातो. कुनाला कळतंय?" तेव्हा मी आईसमोर मोठ्यानं विचारलं, "पण मामा, तिकडे तुझं असं आहे तरी काय?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. आईकडे पाहिलं. म्हणाला, "न्हाई. काय न्हाई." त्याचं तोंड मी त्याच्याच गुपितानं बांधलं. त्याला वेळ यायची होती ना सांगायची, ती मी येऊ दिली नाही.

ही सुद्धा नव्हे. जवळ आलो आहे, जरा थांबा.

पुढच्या वर्षी गोव्यावरून वातावरण तापायला लागलं. पेपरात रोज काहीतरी असायचं. उन्हाळ्याच्या अखेरीस एक ट्रकवाला चिंचवड स्टेशनाजवळच्या चहाच्या दुकानात हिरव्या गाडीवाल्याचा पत्ता विचारत होता. दुकानदारानं माझ्याकडे बोट केलं. सावंतवाडीकडचा तो ट्रकवाला, बोलणं मालवणी.

"गणूदादा खंय आसत? शेवंताबायन धाडल्यान माका. नाको बंद व्हतलो म्हणतत. येवचा आसात तर आत्ताच येवा म्हणान सांगल्यान."

आणि त्यानं एक पुडा माझ्या हातात ठेवला. केळीच्या सुकल्या पानात बांधलेला.

मामा तेव्हा कुठे होता? नदीवर. माझी गाडी धूत होता—माझी म्हटलं बघा मी, अजून तोंडात तेच येतं. हाकेच्या अंतरावर नसला तरी सायकलनं कितीसा वेळ लागला असता? ट्रक दक्षिणेलाच परत जाणार होता. मामा त्यातच बसून गेला असता. पेटीही घेतली नसती त्यानं.

मी म्हणालो, "गणूमामा आता यायचे नाहीत. त्यांचं इथं लग्न ठरलंय. बाईंना सांगा, वाट पाहू नका."

ट्रकवाल्यानं माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग म्हणाला, "अशा काय? बरा." चहाही न पिता उठला.

ही. ही ती कबुली. मला कुणी धमकावलं नव्हतं. विचार करायला वेळ नव्हता असंही नाही. मी शुद्धीवर होतो, आणि वाक्य जुळवायला मला जराही अडखळावं लागलं नाही. आत्ता तुमच्यापुढे अडखळतोय तेवढंही नाही.

पुडा मी आईला दिला, पुण्याच्या मंडईतून आणला म्हणून. आत सुक्या बांगड्याची चटणी होती. आईनं ती मामाच्या ताटात वाढली. त्यानं पहिला घास तोंडात घातला आणि हात थांबला.

"कुटनं आनली ही?"

"मंडईतनं," मी म्हणालो.

"मंडईत तिरफळ घालत्यात व्हय रं? त्ये तर तिकडं गोव्यात घालत्यात."

मामानं चटणी पुसून खाल्ली, ताट स्वच्छ केलं, उठला, आणि अंगणात उभ्या गाडीत जाऊन बसला. चालवायच्या जागेवर नाही—शेजारच्या गादीवर, रविवारी शेवंता बसायची त्या. आईनं हाका मारल्या तरी बाहेर आला नाही.

मग विचारलं का नाही त्यानं मला? पुडा कुणी आणला, काय निरोप होता—एकदा विचारलं असतं तर मी सांगितलं असतं का? नसतं सांगितलं. त्यालाही ते ठाऊक असावं.

त्या पावसाळ्यात सीमा बंद झाली. मामा रावेतलाच राहिला. आईनं स्थळं आणली, त्यानं एकालाही होकार दिला नाही. रोज मला सोडायचा, दार उघडायचा, गाडी आरशासारखी ठेवायचा. नाका उघडायच्या आधीच तो काविळीनं गेला. नाक्यावर मी साहेबाला जो शब्द दिला होता, तो पाळला गेला.

पुढे गोवा आपल्यात आला आणि नाका उठला. मी गेलो म्हापशाला, तीच हिरवी गाडी घेऊन. का गेलो? तिला सांगायलाच, असं घरून निघताना मला वाटत होतं. खाणावळ तिथंच होती. शेवंता बाहेर आली. तिनं आधी गाडी ओळखली, मग मला. बॉनेटवर हात ठेवून उभी राहिली.

"गणू येवंक ना?"

"कामात असतो," मी म्हणालो.

"बायल बरी मेळ्ळ्या?"

"बायको चांगली आहे."

"भुरगीं कितलीं?"

"दोन मुलं," मी म्हणालो. "मोठा शाळेत जातो."

ती थोडा वेळ बॉनेट पुसत राहिली. बॉनेट स्वच्छच होतं. "बरें जालें," म्हणाली. मग आत गेली आणि पुडा घेऊन आली. "भुरग्यांक दी."

मेल्याचं सांगून तिला कशाला दुखवायचं, असा तुम्ही माझ्या वतीनं विचार करत असाल. करू नका. मी तिचं भलं बघत नव्हतो. मला तिथून निघायचं होतं.

परतताना बांद्याला नाका नव्हता. कुणी अडवलं नाही, कुणी काही विचारलं नाही. पुडा शेजारच्या गादीवर होता. वाटेत फेकून द्यावा असं एकदा मनात आलं, पण फेकला नाही. घरी आणला, आणि कुणाला न देता मी एकट्यानं तो संपवला. चटणीच होती, तिरफळ घातलेली. चांगली होती.