बियाण्यांच्या दुकानाचा संघ

बिलोलीला आम्ही मुली बुद्धविहारामागच्या पटांगणात खो-खो खेळायचो. मैदान आखायला चुन्याऐवजी चुलीतली राख असायची. ती पाटीत भरून माझी आईच आणायची आणि रेघ वाकडी गेली की स्वतःच हसायची. एकदा देगलूरच्या मुलींकडून आम्ही सपाटून मार खाल्ला. सामना संपल्यावर आमच्या सरांनी त्यांना आणि आम्हाला एकाच सतरंजीवर बसवून भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा फोडणीचा सुशीला खाऊ घातला. परतताना एसटीत आम्ही घसा बसेपर्यंत गाणी म्हणत होतो. हरलोय हे वाहकाला खरंच वाटेना.

माझी लेक आता नऊ वर्षांची आहे. लातुरात मुलींच्या खो-खोचे संघ निघाले. त्यातला एक बियाण्यांच्या दुकानदारानं घेतला होता. त्यात तिची निवड झाली, तेव्हा तिच्याहून मीच जास्त हरखले. नवे बूट आले. टीशर्टवर पुढं दुकानाचं नाव, मागं कुठल्याशा शिकवणीची जाहिरात. पहिल्याच दिवशी प्रशिक्षक मला म्हणाले, "ताई, आता गल्लीत खेळणं बंद. पाय मुरगळला तर मालकाला मी काय सांगू?"

मी मान डोलावली. दोन महिने ती गॅलरीच्या कठड्याला हनुवटी टेकवून खाली खेळणाऱ्या मैत्रिणींकडं बघत राहायची. मला ते दिसत होतं आणि मी गप्प होते. त्याची आता लाज वाटते.

उपांत्य सामन्यात ती लगेच बाद झाली आणि संघ हरला. प्रशिक्षकांनी सगळ्या मुलींसमोर सांगून टाकलं, "हिला पुढच्या वर्षी घेणार न्हाई. मालक लई नाराज हायत."

ऑटोत बसल्यावर तिनं बूट काढून मांडीवर घेतले. मग म्हणाली, "आई, तू हरायचीस तवा तुझा मालक काय म्हणायचा?"

"आम्हाला मालकच नव्हता गं."

"मग कुणासाठी खेळायच्या तुम्ही?"

"शाळा सुटायची, म्हणून खेळायचो," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी कार्यालयातून आले, तर ती खाली गल्लीत होती. मला बघताच ओरडली, "आई, एक गडी कमी पडतोय. येतीस का?"

मी पर्स पायरीवर ठेवली, पदर खोचला आणि धावले. चार-पाच चकवे दिले असतील, तोच पाठीत सणसणीत थाप बसली.

"लई हळू हायस गं तू," लेक म्हणाली. बाकीच्या पोरी पोट धरून हसत होत्या.